हॉलमधल्या टीव्हीसाठी गेमिंग संगणक: सोलापुरातलं एक प्रकरण

२०२४च्या दिवाळीआधी पंधरा दिवस भाच्यानं मला एका कागदाचा फोटो पाठवला. गावातल्या एका दुकानातून आणलेलं कोटेशन होतं. बाराव्या पिढीचा आय ७ प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, ५१२ जीबीची एसएसडी, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे चार पंखे लावलेलं काचेचं कॅबिनेट आणि त्यासोबतच येणारी '४५० वॉट'ची एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी. एकूण ६२ हजार. खाली त्याचा प्रश्न: "मामा, पप्पा साठ म्हणालेत. दोन हजार कुठं कमी करू?"

मी त्याला उलट तीन गोष्टी मागितल्या. टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो, टीव्हीपासून सोफ्यापर्यंतचं अंतर, आणि टीव्ही ज्या बोर्डावर लावलाय त्या बोर्डाचा फोटो. त्याला वाटलं मी विषय बदलतोय. पण हा संगणक टेबलावरच्या मॉनिटरला लागणार नव्हता. तो हॉलमधल्या टीव्हीला लागणार होता, आणि अशा संगणकाची यादी टीव्ही, खोली आणि भिंतीतला प्लग या तिघांवरून खाली उतरत जाते. मी पंधराएक वर्षं संगणक जोडतो, दुरुस्त करतो. वाया गेलेले पैसे बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी न पाहिल्यामुळे गेलेले दिसतात. म्हणून हे एक प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतो आहे.

ताईचं घर अक्कलकोट रोडच्या बाजूला, शहराच्या पूर्व भागात. घरामागच्या शेडमध्ये दाजींचे टॉवेलचे माग आहेत. घर जुनं, हॉल लांबट, एका टोकाला सुताराकडून करून घेतलेलं टीव्ही युनिट. भाचा तेव्हा नुकताच अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला लागला होता. घरात येणारी-जाणारी पोरं भरपूर, त्यामुळे खेळायचं म्हणजे दोघा-चौघांनी सोफ्यावर बसून, हातात कंट्रोलर घेऊन. क्रिकेट, फुटबॉल, गाड्यांच्या शर्यती, जीटीए ५, असं सगळं. कॉलेजची कामंही त्याच संगणकावर.

ताईनं एक रास्त प्रश्न विचारला होता: "मग प्लेस्टेशनच का नको?" नुसतंच खेळायचं असतं तर मी तेच सुचवलं असतं, आणि मनापासून सुचवलं असतं. कंट्रोलरनंच टीव्ही आपोआप चालू होणं, खुर्चीतून न उठता सगळं होणं, या बाबतीत घरी जोडलेला संगणक त्याची बरोबरी करत नाही. ग्राफिक्स कार्डं एचडीएमआयमधून टीव्हीला 'चालू हो' असं सांगत नाहीत, रिमोट हातात घ्यावाच लागतो. पण या पोराला प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालवायचं होतं, आणि घरात दुसरा संगणक येणार नव्हता. तिथं निर्णय झाला.

दुसरा पर्याय दाजींनी काढला. ऑफिसात चौथ्या पिढीच्या आय ५चा एक जुना डबा पडून होता. "त्यातच ते कार्ड टाका की." तोही मी नीट तपासला. त्या बारक्या कॅबिनेटच्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डाची वेगळी पॉवर केबलच नव्हती, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खालच्या इंटेलवर चालत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. वर्षभरात अडगळीत जाईल अशा डब्यावर वीस हजारांचं कार्ड बसवायला माझं मन घेईना.

आधी टेप, मग यादी

टीव्ही ४३ इंची, फोरके, ६० हर्ट्झचा निघाला. मागे तीन एचडीएमआय पोर्ट. त्यातला एक नंबरचा बंद. ही बंद पोर्टची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, तेव्हा मात्र मी ती नुसती टिपून ठेवली. टेप लावून मोजलं तर सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून पडदा साडेआठ फूट.

या दोन आकड्यांत जवळपास सगळी यादी लपलेली होती.

६० हर्ट्झ म्हणजे टीव्ही सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. संगणकानं दीडशे बनवली तरी नव्वद वाया. प्रोसेसरला एका चित्राची तयारी करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात सहा कोअरचा साधा प्रोसेसरही काम आटोपून मोकळा होतो. मग आय ७ कशासाठी? कोटेशनमधला सगळ्यात महाग भाग तोच होता, आणि चित्र प्रत्यक्ष रंगवणारं कार्ड सगळ्यात कमजोर. जीटीएक्स १६५० हे २०१९चं, ४ जीबीचं कार्ड. आताच्या गेमला ते साध्या फुल एचडीवरही धापा टाकतं.

हे दाजींना समजावताना मी अडखळत होतो. त्यांनीच ते एका वाक्यात मिटवलं. "पाव्हणं, मागापेक्षा मोटार मोठी लावली म्हणून टॉवेल जास्त निघत नाहीत." त्यानंतर मला प्रोसेसरबद्दल काही बोलावं लागलं नाही.

दुसरा आकडा साडेआठ फुटांचा. फोरके टीव्ही आहे म्हटल्यावर पोराचा हट्ट होता की गेमही फोरकेमध्येच चालला पाहिजे. फोरकेमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख ठिपके. फुल एचडीत पावणेएकवीस लाख. कार्डाचं काम सरळ चौपट. साठ हजारांत ते बसत नव्हतं. पण मुळात त्याची गरज आहे का, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद. फुल एचडीचा एक ठिपका त्यावर जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा होतो. चांगली नजर असलेल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा दिसतो, असं ढोबळमानानं धरतात. साडेआठ फुटांवर तो भाग पाऊण मिलिमीटरचा होतो. म्हणजे त्या सोफ्यावरून अर्ध्या मिलिमीटरचे ठिपके सुटे दिसणारच नाहीत. पडद्याच्या साडेपाच फुटांच्या आत सरकलं तरच ते दिसायला लागतील.

बारीक तारा, गवत, जाळ्या यांच्या कडा हलताना फरक थोडा जाणवतो, हे खरं. पण तेवढ्यासाठी चौपट काम करणारं कार्ड घेणं मला पटत नव्हतं. शिवाय फुल एचडीचा एक ठिपका फोरकेच्या आडव्या दोन, उभ्या दोन अशा चार ठिपक्यांत बरोबर बसतो. आणि एफएसआरसारखी सोय असतेच. गेम लहान आकारात रंगवायचा आणि मग हिशेबानं मोठा करायचा. फोरकेसाठी 'परफॉर्मन्स' निवडलं की आतून फुल एचडीच रंगवलं जातं, 'क्वालिटी' निवडलं की १४४०पी, म्हणजे फुल एचडी आणि फोरकेच्या मधला आकार. वर लिहिलेली अक्षरं, धावफलक, नकाशा मात्र पूर्ण फोरकेत, स्वच्छ. टीव्हीवर लांबून खेळणाऱ्यासाठी यापेक्षा उपयोगी गोष्ट मला माहीत नाही.

मग कार्ड. शेवटी दोनच समोर उरली. एएमडीचं आरएक्स ६६०० आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०. दोन्ही ८ जीबी, दोन्हींना एचडीएमआय २.१. मॉनिटरला असतो तसा डिस्प्लेपोर्ट टीव्हीला नसतो, त्यामुळे इथं कार्डाचा एचडीएमआय कुठला आहे हे पाहावंच लागतं. जीटीएक्स १६५०चा २.० आहे. तो फोरके ६० हर्ट्झपर्यंत पुरतो, पण उद्या १२० हर्ट्झचा टीव्ही आला तर तिथंच अडतो. ४०६० नवं, वेगवान, वीज कमी खाणारं. ११५ वॉट विरुद्ध १३२. डीएलएसएसचं, म्हणजे एनव्हिडियाच्या तशाच सोयीचं, चित्रही एफएसआरपेक्षा उजवं, हे मान्य करायला हवं. पण दोघांत त्या वेळी सात-आठ हजारांचा फरक होता, आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर फुल एचडीत दोघंही साठ गाठणार होते. ते सात-आठ हजार मला दुसरीकडं हवे होते. आरएक्स ६६०० घेतलं.

बाकीची यादी पटकन ठरली. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सोबत येणाऱ्या पंख्यासकट. बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड. जुना बी४५० स्वस्तात मिळत होता, पण आरएक्स ६६०० आठच लेनवर, म्हणजे बोर्डाशी जोडणाऱ्या आठच वाटांवर चालतं, आणि जुन्या बोर्डावर त्या आठ लेन अर्ध्या वेगाच्या होतात. म्हणून थोडे जास्त मोजले. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, कारण एकच पट्टी लावली की मेमरीचा निम्मा रस्ता रिकामा राहतो. १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. ५५० वॉटची ब्राँझ मानांकनाची एसएमपीएस. पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. कार्ड २१ हजारांच्या आसपास, प्रोसेसर ११, बोर्ड साडेआठ, रॅम तेहतीसशे, एसएसडी साडेपाच, एसएमपीएस बेचाळीसशे, कॅबिनेट अडतीसशे. सगळं मिळून सत्तावन्न हजार तीनशे. उरलेल्यात चांगली एचडीएमआय केबल आणि टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड. कंट्रोलर पोराकडं आधीपासून होते. कार्ड पुण्याहून आणलं, दाजींच्या ओळखीचे एक जण हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन संध्याकाळी परतत होते, त्यांच्यासोबत. बाकीचं इथंच मिळालं.

एसएमपीएसबद्दल थोडं थांबून सांगतो. कॅबिनेटसोबत मिळणारी ती '४५० वॉट'ची पेटी मी दुकानात हातात घेऊन पाहिली होती. वजनाला हलकी. बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टपुढं १६ अँपिअर. बारा सोळं एकशे ब्याण्णव. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, आणि त्या दोघांचंच मिळून दोनशेच्या वर जातं. म्हणजे वर ४५० छापलेली ती पेटी या संगणकाला १९० वॉटच देणार होती. कोणीही संगणक जोडायला घेतला तर माझी एवढीच विनंती असते की मोठा आकडा सोडा आणि ही १२ व्होल्टची ओळ वाचा.

भिंतीतला प्लग

सुटे भाग आले त्या रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर जोडणी केली. पोरानं सगळं स्वतः लावलं, मी फक्त बघत होतो. विंडोज टाकायला जुना मॉनिटर आणला होता. संगणक चालू झाला, सगळे खूश. आणि पोरगा अनवाणी पायांनी उभा राहून कॅबिनेटचा स्क्रू आवळताना म्हणाला, "मामा, हाताला झिणझिण्या येतात."

मी लगेच प्लग काढायला लावला. मग टेस्टर लावून दाखवला. संगणक चालू केला आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला टेस्टर टेकवला, तर आतला लाल दिवा मंद पेटला.

हे संगणक बिघडल्याचं लक्षण नव्हतं. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून पत्र्याला एक आणि न्यूट्रलपासून पत्र्याला एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात. तिसऱ्या पिनेतून अर्थिंग मिळालं की त्यांतून झिरपणारी अगदी थोडी वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसलं की पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो. २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे सव्वाशेच्या जरा खाली. प्रवाह फार कमी असल्यानं माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात. पण तोच पत्रा एचडीएमआय केबलच्या बाहेरच्या धातूशी जोडलेला असतो. केबलचं दुसरं टोक टीव्हीत. टीव्हीचा प्लग दोन पिनांचा, आणि टीव्हीला गच्चीवरच्या डिशची केबलही लागलेली. चालू संगणकाची केबल चालू टीव्हीत खुपसताना हे दोन वेगवेगळे 'शून्य' एकमेकांना भिडतात, बारीक ठिणगी उडते, आणि कधी कधी पोर्टमागची चिप जाते.

तेव्हा मला तो बंद असलेला एक नंबरचा पोर्ट आठवला. ताईला विचारलं, हा कधी गेला? "अरे, लग्नाची सीडी दाखवायला यांनी ऑफिसचा कॉम्प्युटर आणून लावला होता ना, त्या दिवसापासून." घरात सगळे दोन वर्षं टीव्हीच्या कंपनीला बोल लावत होते. पोर्ट उघडून मी पाहिलेला नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. पण त्याच बोर्डावर, त्याच पद्धतीनं लावलेला अर्थिंगविना संगणक, एवढं जुळल्यावर मला दुसरं कारण शोधावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या शेडचं काम बघणारा वायरमन बोलावला. त्यानं मेन स्विच बंद करून हॉलचा बोर्ड उघडला. तीन पिनांचा सॉकेट होता, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागं स्क्रूला वायरच नव्हती. प्लास्टिकवर भोक, मागं रिकामा पितळी तुकडा, त्यावर रंगाचे जुने शिंतोडे. घर बांधलं तेव्हापासून तसाच. बाहेरून तीन पिना दिसतात म्हणून कोणी कधी विचारलंच नव्हतं. जुन्या घरांत हे इतकं सर्रास दिसतं की आता मी कुठंही गेलो की आधी टेस्ट लँप लावून बघायला सांगतो. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब धरायचा. फेज-न्यूट्रलवर पेटतो तसा लख्ख पेटला तर अर्थिंग आहे. हे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्यावं, घरच्यांनी करू नये.

शेडला मागांसाठी अर्थिंगचा खड्डा होता. तिथून हिरवी वायर घरापर्यंत ओढायची ठरली. पण बल्ब लावून पाहिला तर पिवळट, मंद. खड्डा कोरडा ठणठणीत झाला होता. पाईप, त्याभोवती कोळसा आणि मीठ, अशा जुन्या पद्धतीच्या खड्ड्याला ओल लागते, आणि आपल्याकडं पाऊस कमी, ऊन भरपूर. खड्डा उकरून नव्यानं भरला, पाणी सोडलं, हॉलच्या बोर्डापर्यंत वायर आणली, मेनला गळती पकडणारा स्विच बसवला. खर्च दाजींनी घराच्या दुरुस्तीत धरला, संगणकाच्या साठ हजारांत नाही. खरं तर आरटीएक्स ४०६० घेतलं असतं तर हातचे सगळे पैसे संपले असते आणि हे काम 'पुढं बघू' म्हणून राहिलं असतं, एवढं मी या घराला ओळखतो.

आता नळाला ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी पिंप भरून झाले की एक बादली त्या खड्ड्याच्या पाईपात जाते. ते काम ताईनं स्वतःकडं घेतलं आहे.

यूपीएसचा प्रश्नही याच वेळी सुटला. यूपीएससाठी वेगळे पाच-सहा हजार लागतील असं सगळे धरून चालले होते. पण घरात साइन वेव्हचा इन्व्हर्टर होताच. त्याच्या मागं एक बारीक स्विच असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला साधा मोड. तो साध्यावर होता. लाईट गेल्यावर साध्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो. पंखा-दिव्याला ते कळत नाही, संगणक मात्र बंद पडतो. एसएमपीएस स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरते. स्विच यूपीएसकडं सरकवला, मेन पाडून तीन वेळा पाहिलं, गेम चालूच राहिला. पूर्ण जोरात संगणक अडीचशे वॉटच्या आसपास आणि टीव्ही शंभराच्या आत, त्यामुळे इन्व्हर्टरला भार जड नाही. चौकोनी वेव्हचा जुना इन्व्हर्टर असता तर मी तो या एसएमपीएसला लावू दिला नसता.

टीव्ही युनिट आणि मे महिना

ताईची एकच अट होती. हॉलमध्ये पाहुणे येतात, डबा दिसता कामा नये. टीव्ही युनिटला खाली दार असलेला कप्पा होता आणि कॅबिनेट त्यात बरोबर मावत होतं. मी तिला नाही म्हटलं नाही. दार लावून अर्धा तास गेम चालवला आणि कार्डाचं तापमान सगळ्यांना दाखवलं. ८७ अंश, पंखे किंचाळत होते. दार उघडल्यावर दहा मिनिटांत ७४. ही नोव्हेंबरातली गोष्ट.

याचा हिशेब साधा आहे. कार्ड खोलीच्या तापमानावर ठरावीक अंशांनी चढतं. खोली २५ची असेल आणि कार्ड ७०ला जात असेल, तर खोली ४०ची झाल्यावर तेच कार्ड ८५च्या आसपास जाणार. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ला टेकतो. त्यामुळे इथं कॅबिनेट निवडताना मी थंडीतले आकडे बघतच नाही, त्यात पंधरा मिळवतो. बंद कप्प्यात मे महिन्यात हा संगणक चाललाच नसता.

सुतारानं कप्प्याची मागची प्लाय काढली, पुढच्या दाराच्या जागी छिद्रांच्या पत्र्याचं दार बसवलं, त्याला युनिटचाच रंग दिला. आत मागच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडली. रंगीत दिव्यांचे पंखे घेतलेच नव्हते, दोन साधे पुढून हवा घेणारे, एक मागून सोडणारा. बारक्या मिनी आयटीएक्स कॅबिनेटचाही विचार झाला होता. पण त्याचे बोर्ड महाग, निवड कमी, आणि आतली हवा कोंडते. जागा असताना त्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता.

मला खरी काळजी मागांची होती. टॉवेलच्या मागांवरून उडणारी कापसाची लव शेडमध्येच राहत नाही, ती घरभर फिरते. आठवडाभरात पुढच्या जाळीवर पांढरा मऊ थर बसतो, बोटानं उचलला तर अख्खा पापुद्र्यासारखा हातात येतो. तो जाळीवर अडला तर ठीक, आत जाऊन कार्डाच्या पात्यांत बसला तर ओला होऊन नमदा होतो. म्हणून काढून धुता येईल अशी चुंबकाची जाळी असलेलं कॅबिनेटच मी पक्कं केलं होतं. दर रविवारी ती झटकायची, हे भाच्याचं काम. दुसरी एक गोष्ट मी बजावून सांगितली. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर लावाल तेव्हा त्याचा झोत या कप्प्याकडं नको. हवा गार असते पण दमट, आणि त्या दमट हवेत लव लगेच चिकटते.

पहिली संध्याकाळ

सगळं जागेवर बसल्यावर पोरानं मित्र बोलावले. पडदा काळा. केबल मदरबोर्डाच्या पोर्टला लावली होती. ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, केबल कार्डालाच लावावी लागते. ते मिनिटात सुटलं. मग चित्र दिसलं पण दर दोन-तीन मिनिटांनी क्षणभर अंधार. नवी केबल सोडून त्यानं सेट टॉप बॉक्सची जुनी केबल वापरली होती. फोरके ६० हर्ट्झला १८ गिगाबिटपर्यंत पेलणारी केबल लागते, ती बदलली.

तिसरी अडचण मात्र पाऊण तास पुरली. क्रिकेटच्या गेममध्ये कोणालाच चेंडू लागेना. बॅट उशिरा फिरायची. पोराचा चेहरा उतरला. "मामा, कार्ड कमी पडतंय. ४०६०च घ्यायला पाहिजे होतं." मी कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं होतायत तो आकडा लावून दिला. साठ, सतत साठ. कार्ड कमी पडत नव्हतं. टीव्ही आलेलं चित्र घासून-पुसून, हालचाल गुळगुळीत करून मग दाखवत होता, आणि त्यात वेळ जात होता. साध्या मोडमध्ये पुष्कळ टीव्हींना शंभर मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. ताशी १४० किलोमीटरचा खरा चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून कमी घेतो. त्यातला पाचवा हिस्सा टीव्हीनंच खाल्ला तर फटका कसा बसणार? सेटिंगमध्ये जाऊन त्या पोर्टला गेम मोड लावला. पुढच्याच षटकात त्याच्या मित्रानं कव्हरमधून चौकार मारला आणि सोफ्यावर जो आरडाओरडा झाला तो शेडपर्यंत ऐकू गेला.

त्याच सेटिंगमध्ये आणखी दोन गोष्टी केल्या. चित्राच्या कडा कापल्या जात होत्या, टास्कबार अर्धा दिसत होता. ते ओव्हरस्कॅन बंद केलं. आणि काळा रंग राखाडी दिसत होता. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांसाठी टीव्ही ० ते २५५ धरून बसलेला, संगणक १६ ते २३५ पाठवतोय, असं झालं की काळं-पांढरं बिघडतं. दोन्हीकडं एकच ठेवलं आणि पोर्टला 'पीसी' असं नाव दिलं. त्यानं अक्षरांच्या रंगीत कडाही गेल्या. विंडोजमधली अक्षरं तीनशे टक्क्यांवर नेली, तेव्हा कुठं ताईला सोफ्यावरून वाचता आली.

कंट्रोलर मधूनच सुटायचा, त्याचं कारण दोन आठवड्यांनी कळलं. ब्लूटूथचा डोंगल मागं यूएसबी ३च्या पोर्टात, शेजारीच हार्ड डिस्क. यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेसमध्ये मिसळतो, इंटेलनं हे २०१२मध्येच मोजून मांडलं आहे. मीटरभराची एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल पत्र्याबाहेर, युनिटच्या वर आणून ठेवला. तेव्हापासून सुटलेला नाही.

आजची स्थिती

उन्हाळ्याचं बोलायचं तर २०२५च्या मेमध्ये दुपारी हॉल ३८ अंशांवर असताना कार्ड ८२पर्यंत गेलं, त्यापुढं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत पोरं दिवसदिवस खेळत होती तेव्हा ६८-६९. एकदाच कार्ड उघडून साफ केलं. आत लव होती, पण बोटानं निघेल एवढीच. टीव्हीचे उरलेले दोन्ही पोर्ट शाबूत आहेत.

चूक झाली ती साठवणीत. १ टीबी पुरेल असं मी सांगितलं होतं. आताचे मोठे गेम शंभर जीबीच्या घरात किंवा पुढं जातात, त्यात कॉलेजचं सॉफ्टवेअर, आणि वर्षभरात ती भरली. बोर्डावर दुसरी एनव्हीएमई बसायला जागा आहे. पण २०२५च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव भडकले, पाठोपाठ एसएसडीही महागल्या, आणि तेव्हाच दोन टीबी घेतली असती तर, असं मला आता वाटतं. रॅमचं मात्र बरं झालं, दोन पट्ट्या वेळेत घेतल्या गेल्या.

भाच्याला आता १२० हर्ट्झचा टीव्ही हवा आहे. दाजी अजून तयार नाहीत. आला तर कार्डाचा एचडीएमआय २.१ तिथं कामाला येईल, साधे खेळ १२०ला पोचतील, जड खेळांना पोचणार नाहीत, हे मी त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. तोवर तो एक गेम काढतो, दुसरा रात्री डाऊनलोडला लावतो, आणि सकाळी कॉलेजला जाताना संगणक बंद करून जातो.